रविवारचं पत्रवाचन

तुमचे हात स्वच्छ नाहीत, सर. माझेही नाहीत, ते पुढे सांगतेच. पण माझं सांगायला निदान मी आहे, तुमचं कोण सांगणार? सत्काराच्या पत्रिकेवर तर छापलंय, 'पंचवीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या निर्णयात एकदाही ढवळाढवळ न केलेले विश्वस्त.' शब्द न् शब्द खरा आहे. माझी तक्रार तीच आहे.

फेब्रुवारीतला पहिला रविवार होता, पंधरा वर्षांपूर्वीचा. नागपुरात धंतोलीतल्या तुमच्या दवाखान्याचा वरचा हॉल. खाली पेशंट नाहीत, वर सतरंजीवर आम्ही दहा-बारा पोरंपोरी, हातात तर्री-पोह्याच्या प्लेटा. समोर वेताच्या तीन खुर्च्या. मधली तुमची. डावीकडे कमाविसदार मॅडम, बाळंतपणाच्या डॉक्टर, कुणालाही वाक्य पूर्ण करू न देणाऱ्या. उजवीकडे भोयर काका, इतवारीतले औषधांचे जुने व्यापारी, ज्यांना इंग्रजी कळायचं नाही आणि ते तसं मोकळेपणाने सांगायचे.

आमची संस्था 'ओंजळ'. मेडिकलच्या पोरांनी काढलेली, पोरांनीच चालवलेली. आफ्रिकेत मलावी नावाच्या देशात एका तळ्याकाठच्या छोट्या दवाखान्याशी आमचं नातं. दरवर्षी मे महिन्यात आमची चार पोरं तिथे दोन महिने जायची. त्यांचा जो पुढारी, तोच वर्षभर संस्थेचा मुख्य विद्यार्थी. त्या वर्षी ती जागा मला हवी होती. नुसती हवी नव्हती, रात्रंदिवस हवी होती. आणि ती सुवर्णाला मिळणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

सुवर्णा मडावी. गडचिरोलीच्या आत, पार आत, बस जिथे वळून परत येते त्याच्याही पुढचं गाव. आई अंगणवाडीत मदतनीस, बाप नाही. गोंडी बोलणारी पोरगी मराठी शाळेत शिकली आणि इंग्रजीत डॉक्टर होत होती. तुम्ही पाहुण्यांना तिची ओळख करून द्यायचात तेव्हा तुमचा आवाज ओला व्हायचा. मी उमरेडच्या एसटी कंडक्टरची पोरगी. आमच्या घरी पंखा होता, फ्रिज होता, बाप महिन्याला पगार आणायचा. म्हणजे सांगण्यासारखं दुःखही नाही आणि मिरवण्यासारखं घरही नाही. श्रीमंतांत मला कुणी धरलं नाही, आणि गरिबीतसुद्धा माझा दुसरा नंबर.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण तिला चित्रं काढता यायची. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने ती माणूस उभा करायची. जुलाब लागलेल्या पोराला साखर-मिठाचं पाणी कसं करून द्यायचं, याचं तिने एक कार्ड काढलं होतं. अक्षर एकही नाही, फक्त चित्रं. एक लिटरची बाटली भरून पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि कडेवर पोर घेतलेली एक बाई. वाचता न येणाऱ्या आयांसाठी. नमुना मलावीला पाठवला होता, उत्तराची वाट होती.

उत्तर यायचं ते माझ्याकडे. मी पत्रव्यवहार बघायचे. ईमेलचा पासवर्ड माझ्याकडे आणि वाचनाचा मानही माझा. तुमचा तो नियमच होता ना, आठवतो? पत्र हातोहात फिरवायचं नाही. कागद फिरला की माणसं नुसतं बघितल्यासारखं करतात. महिन्याच्या बैठकीत एकाने उभं राहून मोठ्याने वाचायचं, भोयर काकांसाठी लगेच मराठीत सांगायचं, आणि कागद फायलीत लावायचा. दुसरा नियम विश्वस्तांसाठी. तुम्ही तिघांनी मत द्यायचं नाही, सूचना करायची नाही. फक्त विचारायचं. "आम्ही प्रश्न विचारणार, उत्तर तुमचं," असं तुम्ही दर जूनमध्ये नव्या पोरांना सांगायचात, आणि पोरं भारावायची. मीही भारावले होते.

मी उभी राहिले आणि मलावीच्या त्या दवाखान्यातल्या नर्सचं, सिस्टर एस्नातचं, पत्र वाचायला लागले. मक्याला कणसं धरलीत. दवाखान्याचा पत्रा उडाला होता, तो बसवला. मग कार्डाचा मजकूर आला.

"सिस्टर म्हणतात," मी सांगितलं, "कार्ड इथल्या बायांना दाखवलं. त्यावरची आई बघून सगळ्या हसायला लागल्या. म्हणाल्या, ही तर आपल्यातलीच दिसते, कोणाच्या घरची आहे?"

सतरंजीवर हशा पिकला. कुणीतरी सुवर्णाच्या पाठीत बुक्की मारली. "घे, आता तिकडं सोयरीक झाली तुझी," कुणीतरी म्हणालं. ती मान खाली घालून पोहे उकरत होती, कान लाल. भोयर काका म्हणाले, "अरे वा. पोरीनं नाव काढलं." कमाविसदार मॅडमनी चक्क टाळी वाजवली. तीन वर्षं मी पत्रं वाचत होते, सर. मॅडमनी एकदाही टाळी वाजवली नव्हती.

खाली चार ओळी उरल्या होत्या. त्या मी आदल्या दिवशीच वाचल्या होत्या, पाठच होत्या म्हणा ना. 'फक्त एक गोष्ट. तुमच्या चित्रातली बाटली मोठी आहे. आमच्याकडे घरोघरी असते ती शीतपेयाची अर्ध्या लिटरची. आया घरात असेल तीच भरतील, आणि साखर-मीठ मात्र चित्रात आहे तेवढंच घालतील. छापण्याआधी दुरुस्त कराल ना?'

मी त्या वाचल्या नाहीत. "सगळ्यांना नमस्कार सांगते," म्हणाले आणि कागद दुमडला.

सुवर्णाने मान वर केली. "वैजू, चित्राबद्दल अजून काही? काही बदलायचं गिदलायचं?"

"नाही. आवडलं म्हणते."

तुम्ही चष्मा पुसत होतात. तो डोळ्यांवर चढवून तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

"वैजयंती, पत्र संपलं?"

"संपलं, सर."

"बरं," म्हणालात, आणि पोह्यांवर लिंबू पिळलंत.

माझा हिशेब सरळ होता. कार्डं छापू द्यायची. मे महिन्यापर्यंत ती हॉस्टेलच्या कपाटात पडून राहणार, कुणाचं काही बिघडणार नाही. मार्चच्या बैठकीत मुख्य विद्यार्थी निवडायचा असतो. त्याच्या आधी मी उठणार आणि म्हणणार, सिस्टरचं नवीन पत्र आलंय, बाटलीत घोटाळा झालाय, सगळी कार्डं रद्दी. सगळ्यांची तोंडं बघायची. तुमचं विशेषकरून. मग तुमचा आवाज कसा ओला होतो ते बघायचं. सिस्टरला मी नेहमीचं उत्तर धाडलं, 'पत्र पोचलं, सूचनेबद्दल आभारी आहोत.' येणाऱ्या प्रत्येक पत्राला हेच उत्तर जायचं.

पंधरा दिवसांनी दुपारी लेडीज हॉस्टेलवर आले तर सुवर्णा खोलीत जमिनीवर बसलेली. पुढ्यात खोका, आजूबाजूला छापून आलेल्या कार्डांचे गठ्ठे, शाईचा वास.

"बरं झालं आली. टेप धर ना जरा."

"हे काय चाललंय?"

"पॅकिंग. भोयर काकांच्या ओळखीचा एक शेठ उद्या निघून राहिला मलावीला. त्याच्या भावाचं दुकान आहे तिथं. फुकटात नेतो म्हणते तर सोडायचं कशाला?"

"पण मे मध्ये आपण नेणार होतो."

"मे पर्यंत तिकडल्या पोरांचे जुलाब थांबून राहणार आहेत का? टेप धर, वैजू. सरळ धर. तुझ्या हातानं तर साडीची निरी बी सरळ येत नाही."

मी टेप धरली. आता सांगावं, आत्ता, असं तोंडापर्यंत आलं होतं. देवाशपथ आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "ऐक. मॅडम काल म्हणत होत्या, माझंच होईल म्हणून. झालं तर मी तुलाच नेईन सोबत. इंग्रजी तुझं चांगलं आहे. मी तिथं तोंड उघडलं तर सिस्टर म्हणेल, ही बाई कोणत्या देशाची आहे?" आणि ती स्वतःच हसली, दातांत टेपचं टोक धरून.

नेईन. पिशवी नेतात, छत्री नेतात. तीन वर्षं ज्या जागेसाठी मी झुरले ती जागा तिला मिळणार, आणि त्या जागेवरून ती माझ्यावर उपकार करणार. तिच्या मनात उपकार नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. तिला खरंच मी हवी होते. म्हणून तर जास्त झोंबलं. ती थोडी जरी दुष्ट असती ना, सर, तर मी तिला माफ केलं असतं.

"घे, दाब," ती म्हणाली.

मी खोक्याची झाकणं दाबून धरली. तिने टेप ओढली.

मार्चमध्ये मी गप्प बसले. खोका पोचला होता. आता बोलले असते तर तिची चूक बाजूला राहून माझी चोरी उघडी पडली असती. माझ्याच सापळ्यात मी. सिस्टर हुशार आहे, ती बघून घेईल, असं मनाला सांगितलं. सुवर्णाच्या नावाला हात वर करायला सांगितलं तेव्हा मीही केला, सगळ्यांच्या आधी केला.

सिस्टरने बघितलं नाही. तिला वाटलं, आपली सूचना पोचलीय, आभारही मानलेत, म्हणजे ही दुरुस्त केलेलीच कार्डं. ती तालुक्याला प्रशिक्षणासाठी निघाली होती. खोका तिने न उघडताच गावोगावच्या बायांकडे वाटायला दिला.

एप्रिलच्या बैठकीत मी तिचं दुसरं पत्र वाचलं. या वेळी एक ओळ सोडली नाही. नऊ महिन्यांची पोरगी. जुलाब साधेच होते. आईने कार्ड बघून अर्ध्या लिटरच्या बाटलीत अर्धा चमचा मीठ घातलं, चित्रात होतं तसंच, प्रामाणिकपणे, आणि दोन दिवस पाजत राहिली. पोरगी आणखी मागायची, तहान भागेना, म्हणून आणखी तेच पाजलं. मग रक्तात मीठ वाढून झटके आले. जिल्ह्याच्या इस्पितळात बारा दिवस. आता घरी आहे. आई हाक मारते तेव्हा मान वळवत नाही. सिस्टरने पोरीचं नाव लिहिलं होतं, आईचं लिहिलं होतं, गावाचं लिहिलं होतं. बाटलीबद्दल आपण आधी कळवलं होतं, असं मात्र तिने एका शब्दाने लिहिलं नाही. त्या बाईची सभ्यता तेवढी मोठी होती. की तिला वाटलं, सांगून उपयोग नाही?

पोह्यांना कुणी हात लावला नव्हता.

सुवर्णा उठून उभी राहिली. "चित्र माझं आहे," ती म्हणाली. "बाटली केवढी असते तिथं, हे मी विचारायला पाहिजे होतं. आमच्या गावात बी कुणाकडं लिटरची बाटली नसते. मला तर माहीत पाहिजे होतं. मलाच माहीत पाहिजे होतं."

"बस, बेटा," कमाविसदार मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. मी मुख्य नाही राहत. दुसऱ्या कुणाला करा."

ती चपला हातात घेऊन जिना उतरली. कुणी तिच्या मागे गेलं नाही. मी तर नाहीच.

तेव्हा तुम्ही घसा खाकरलात आणि प्रश्न विचारलात. नियमाप्रमाणे प्रश्नच. "वैजयंतीबद्दल तुम्हा मुलांना काय वाटतं?"

हात वर झाले. सगळे.

बैठक संपली, पोरं गेली. मी मागच्या गच्चीतल्या नळावर कप विसळत होते. तुम्ही स्वतःचा कप घेऊन आलात आणि माझ्या शेजारी उभे राहिलात. मला वाटलं अभिनंदन करताय.

"फेब्रुवारीच्या पत्रातल्या चार ओळी तू वाचल्या नाहीस," तुम्ही म्हणालात.

हातातला कप सुटला. फुटला नाही, स्टीलच्या घमेल्यात पडला.

"तुम्हाला कसं…"

"एस्नात मला वेगळी प्रत पाठवते. पहिल्यापासून. तुम्हा मुलांना सांगितलं नाही, तुम्हाला दडपण येईल म्हणून."

"म्हणजे त्या रविवारी तुम्हाला माहीत होतं."

"मी तुला विचारलं, पत्र संपलं का. तू म्हणालीस संपलं."

"सर, तुम्ही सांगायचं होतं ना. तिथल्या तिथे सांगायचं. खोका जायच्या आधी दोन आठवडे होते."

"सांगणं आमचं काम नाही, वैजयंती. मी वाट बघितली. मला वाटत होतं, तू सांगशील. माझा तुझ्यावर विश्वास होता." तुमचा आवाज ओला झाला होता. पहिल्यांदाच, माझ्यासाठी. "खोका मध्येच जाईल, हे मला माहीत नव्हतं. भोयरांनी परस्पर ठरवलं."

"आणि गेला हे कळल्यावर?"

तुम्ही कप विसळलात. पालथा घातलात.

"मग आज मला का निवडलंत?"

"मुलांनी निवडलं. मी फक्त विचारलं." मग म्हणालात, "जो एकदा असा भाजतो तो पुन्हा आगीशी खेळत नाही. संस्थेला असाच माणूस लागतो. सुवर्णाला हे कळवून काय साधणार? तिला आणखी त्रास. बघ, निर्णय तुझा आहे."

निर्णय माझा. मी तो घेतला. तोंड शिवलं. मे मध्ये मलावीला गेले. दोन महिने राहिले, फोटो काढले, भाषणं केली, नवीन कार्डांवर दोन-दोन बाटल्या छापून घेतल्या. त्या पोरीच्या गावी गेले नाही. लांब आहे असं सांगितलं. अठरा किलोमीटर होतं.

मला वाटलं होतं ती जागा मिळाली की पोटातली आग शांत होईल. झाली नाही. सुवर्णाने संस्था सोडली, चित्रं काढणं सोडलं, आणि वर्षभर कॉलेजात खाली मान घालून फिरली. लोक तिच्याबद्दल हळू आवाजात बोलायचे. आणि मला, सांगायला लाज वाटते पण सांगते, मला त्याचाही हेवा वाटायचा. जो गुन्हा तिने केलाच नव्हता तोही ती माझ्यापेक्षा चांगला निभावत होती.

गेल्या महिन्यात तुमची पत्रिका आली. दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली आणि सुवर्णाकडे गेले. ती गडचिरोलीतल्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, दहा वर्षं झाली, बदली मागितली नाही. ओपीडी संपल्यावर बाकावर बसून तिला सगळं सांगितलं. चार ओळी, टेप, गच्ची, तुम्ही. केस पांढरे झालेत तिचे, माझ्याहून जास्त.

"आत्ता का सांगून राहिली?" तिने विचारलं.

"सरांचा सत्कार आहे. पत्रिकेवर काय लिहिलंय माहितीये? ढवळाढवळ…"

"म्हणजे मला सांगायचं होतं म्हणून नाही आली तू. त्याला हार घालून राहिले, ते तुला बघवलं नाही."

तिने माझ्या पोटात हात घालून नेमकं तेच बाहेर काढलं होतं.

"रागव ना," मी म्हणाले. "शिव्या दे. मार."

"मारून काय होते, वैजू?" ती उठून समोरचे रिकामे बाक भिंतीशी सरकवायला लागली. मग म्हणाली, "त्या पोरीचं नाव काय होतं? त्या दिवशी तू वाचलं, पण मला ऐकूच नाही आलं. कानात नुसता आवाज होता. पंधरा वर्षं मी तिला मनात 'ती पोरगी' म्हणतो. पंधरा वर्षांची झाली असेल. असली तर."

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे नाव नव्हतं. ज्या तोंडाने मी ते सगळ्यांसमोर वाचलं त्याच तोंडात ते नव्हतं. चार लपवलेल्या ओळी मला आजही पाठ आहेत, आणि वाचून दाखवलेलं नाव गेलं.

"फायलीत असेल," ती म्हणाली.

फायलीत नाही. मी नागपूरला येऊन बघितलं. फेब्रुवारीचं पत्र मी लावलंच नव्हतं, पण एप्रिलचंही नाही. एप्रिलच्या इतिवृत्तात एवढंच आहे, 'एका बालकास त्रास झाल्याचे कळले, चर्चा झाली.' संस्थेचं जुनं ईमेल खातं केव्हाच बंद झालंय. सिस्टर एस्नात सहा वर्षांपूर्वी वारल्या, तो दवाखानाही आता तिथे नाही. सुवर्णाला त्या पोरीच्या आईला पत्र लिहायचंय. काय लिहिणार ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, तो हक्क माझा नाही.

एकाच माणसाकडे प्रत आहे. जो माणूस कागदाचा कपटा टाकत नाही, ज्याला सिस्टर पहिल्यापासून वेगळं पत्र पाठवायची. मी तुमच्या घरी दोनदा फोन केला. सूनबाई म्हणाल्या, सर भाषणाची तयारी करताहेत. तिसऱ्यांदा तुम्ही स्वतः फोनवर आलात आणि म्हणालात, "वैजयंती, इतक्या वर्षांनी हे काढून कुणाचं भलं होणार, याचा तू विचार केलास का?"

हा पुन्हा प्रश्नच झाला, सर. तुमच्या प्रश्नांना मी आजवर खोटी उत्तरं दिली, त्याची शिक्षा मी भोगेन. सत्काराच्या मांडवात उभी राहून सगळ्यांसमोर भोगेन, तीही तयारी आहे. पण या वेळी विचारणारी मी आहे आणि उत्तर तुमच्याकडचं हवंय. पत्रं कपाटात असतील. उठा, चष्मा लावा, काढा.

त्या पोरीचं नाव काय होतं?